हायब्रीडची गादी

तुम्ही हे उताणं पडून वाचत असाल, तर फोन दोन्ही हातांनी धरा. माझा एकदा सुटून सरळ नाकावर आला होता, आणि मणक्याच्या दुखण्यात नाकाची भर पडली होती.

मी शोभा. माहेर अमरावती, सासर अकोला. एसटीत कंडक्टर आहे, अकोटच्या लाईनीवर. दोन वर्षांपूर्वी माझ्या मणक्यात टीबी निघाला. आज मी पुन्हा बसमध्ये उभी राहून "मागे सरका, मागे जागा आहे" म्हणून ओरडते आहे. शेवट गोड आहे हे आधीच सांगून टाकते, कारण आजारी माणसाला जीव टांगणीला लावणं झेपत नाही. गोळ्या-औषधांबद्दल मी लिहिणार नाही, त्याला तुमचे डॉक्टर आहेत. मला सांगायचंय ते झोपण्याबद्दल. त्या सगळ्या काळात मला एकच गोष्ट हवी होती. आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर, कुणाला हाक न मारता आपली कूस आपण बदलायची. धडधाकट माणसाला हे मागणं वेडेपणाचं वाटेल, पण तुम्हाला नाही वाटणार.

अमरावतीचा तो दिवस

पाठ कित्येक महिने दुखत होती. कंडक्टरची पाठ दुखते यात कुणाला काय नवल? पट्टा बांधला, मलम चोळलं, शेकून झालं. संध्याकाळी अंगात कणकण असायची आणि वजन उतरत चाललं होतं. वजनाचं तर मला कौतुकच होतं. डेपोतल्या बाया विचारायच्या, "शोभाताई, काय खाऊन राहिल्या वो तुमी? आमालेबी सांगा." मी ऐटीत सांगायची, रात्रीची पोळी सोडली.

मग एके दिवशी अकोटच्या स्टँडवर बसमधून उतरताना पायरीवरचा पाय उचललाच जाईना. अमरावतीहून माझा भाऊ धावत आला आणि मला नि ह्यांना गाडीत घालून घेऊन गेला. हे म्हणजे माझे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची पोरं त्यांच्याकडे न शिकताच पास झाली असावीत.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे."

मी म्हटलं, "मले तर खोकलाबी नाही, डॉक्टर."

"याला खोकला लागत नाही. छाती स्वच्छ आहे, तुमच्यापासून घरात कुणाला काही होणार नाही. औषध बरेच महिने चालेल, मणका जपावा लागेल. पण बऱ्या व्हाल."

मी त्यातलं "बऱ्या व्हाल" तेवढं ऐकलं आणि ह्यांनी "टीबी" तेवढं ऐकलं. बाहेर आल्यावर भावाने दह्यात भिजवलेला गिला वडा आणला, कारण मी अमरावतीला यावं आणि गिला वडा न खाता परत जावं असं आजवर झालं नव्हतं. हे प्लेट हातात धरून नुसते बसले. मी माझी संपवली आणि मग त्यांचीही संपवली. रडले ते नंतर, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडल्यावर. एक पाय उचलला गेला नाही, उद्या दुसराही नाही उचलला तर काय करायचं? मी फार घाबरले होते, आणि तसं कबूल करायला मला लाज वाटत नाही.

वॉर्डात

पाय उचलला जात नव्हता म्हणून मला भरती करून घेतलं. पहिलं म्हणजे, औषध सुरू झालं की लघवी नारिंगी होते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी वॉर्ड हलवणारी किंकाळी फोडली. सिस्टर धावत आली आणि पोट धरून हसली. "मावशी, तुमी तं संत्र्याच्या जिल्ह्यातल्या, मंग काहून घाबरता?"

दवाखान्याचं घड्याळ वेगळंच चालतं. नुकता डोळा लागावा आणि कुणीतरी रक्तदाब बघायला यावं. चहा यायचा तेव्हा तो पिता येत नसे, कारण उठायची परवानगी नाही. मग नळीने चहा. नळीने चहा प्यायलात की आयुष्यात कसलाच तोरा उरत नाही.

पण त्याच सिस्टरने एका दुपारी माझं डोकं खाटेच्या कडेला घेतलं, खाली बादली ठेवली आणि आडव्या आडव्या माझे केस धुऊन दिले. कोमट पाणी, आणि तिची बोटं. मला वाटलं, आता बरं नाही झालं तरी चालेल. ते चालणार नव्हतं अर्थात, पण त्या क्षणी तसं वाटलं.

घरी सोडताना ह्यांना एक काम शिकवलं. माझी कूस बदलायची ती अख्खी, लाकडाच्या ओंडक्यासारखी. एक हात खांद्याला, एक हात कमरेला, आणि "एक, दोन, तीन" म्हणून एकदम वळवायचं. मधे पीळ पडता कामा नये. मास्तरांनी परीक्षा असल्यासारखं ते पाठ केलं.

बैठकीतला तखत

आमच्या खोलीत पलंगावर कापसाची गादी, मधे खड्डा पडलेली. डॉक्टरांनी पहिले काही महिने फळी सांगितली होती. म्हणून बैठकीतल्या तखतावर फळी टाकली, वर एक पातळ वाकळ, आणि मी आले-गेल्यांच्या वाटेवर येऊन पडले. हे खाली चटईवर. मी "अहो" म्हणायच्या आत ते उठून बसलेले असायचे. खांद्याला हात, कमरेला हात, एक, दोन, तीन. फळीवर माझी कंबर टोचायची, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा "अहो".

आमच्याकडे मामाजी असतात, म्हणजे माझे सासरे. अकोटकडची शेती त्यांनी आता बटाईने, म्हणजे वाट्याने, दिली आहे, पण गोष्टी अजून शेताच्याच. मी घरी आल्यावर एक नातलग बाई भेटायला आल्या. चहा झाल्यावर त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, हिचा कप वेगळा ठेवलेला बरा. मामाजींनी माझ्या हातातला अर्धा चहा आपल्या बशीत ओतला आणि फुर्रकन पिऊन टाकला. मग त्या बाईंना विचारलं, "तुमाले देऊ काय थोडा?" त्यानंतर आमच्या घरात कपांची चर्चा झाली नाही.

असं सगळं चांगलं चाललं होतं म्हणावं, तर ह्यांचे डोळे खोल जात चालले होते. शाळेत खुर्चीत डुलकी लागायची आणि पोरं हळूच सांगायची, "सर, घंटी झाली." एकदा पहाटे मी पुन्हा हाक मारली, तेव्हा ते चटईवर उठून बसले आणि म्हणाले, "शोभा, मले आता जमत नाही वो." लगेच उठून मला वळवलंही. पण वाक्य बोलून गेलं होतं. मला राग नाही आला. त्या दिवसापासून मी हाक मारायचं बंद केलं. दात आवळून एकाच कुशीवर पडून राहायची, आणि काही दिवसांत कमरेच्या हाडावरची कातडी लाल होऊन सोलवटली. हे तुम्ही करू नका. डॉक्टरांनी मला त्यावरून चांगलंच फैलावर घेतलं.

मग माझं रडगाणं ऐकून ते जरा मऊ झाले. "मणका आता जुळून आला आहे. फळी सोडा. पण त्या खड्ड्यातल्या गादीवर जायचं नाही. मध्यम घ्या, कडकही नको, मऊही नको. खाली स्प्रिंग आणि वर फोम अशी हायब्रीड येते, ती बघा. दुकानात झोपून बघा, हाताने दाबून कळत नाही. स्वतःची कूस स्वतः बदलता आली, तर आपल्या खोलीत झोपा."

आपल्या खोलीत झोपा! मला त्या डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकायची मनाई होती.

नाव तर तेच आहे ना

आता बाहेरच्या लोकांना एक सांगायला हवं. वऱ्हाडात नुसतं 'हायब्रीड' म्हटलं की ती ज्वारी. उत्पन्नाला भरपूर, चवीला चामडं. मामाजींच्या घरात जन्मात गावरान ज्वारीशिवाय भाकर झाली नाही. कुणाचं पोर बिनकामाचं निघालं की ते म्हणतात, हायब्रीड आहे. शिवाय आमच्या घरातली एकूण एक गादी त्यांच्या स्वतःच्या शेतातल्या कापसाने भरलेली.

जेवताना ह्यांनी घाबरत घाबरत विषय काढला. "बाबा, डाक्तरनं शोभासाठी हायब्रीड गादी सांगतली."

मामाजींचा घास हातात राहिला. "हायब्रीडची भाकर आमी ढोरायच्या पुढंबी इचार करून टाकत होतो. अन् माही सून त्याच्यावर निजन?"

मी बैठकीतून ओरडले, "मामाजी, ते जवारीचं! हे गादीचं आहे."

"नाव तं थेच हाय ना?"

ह्यांनी समजावलं की दोन जातींचं चांगलं चांगलं एकत्र केलं की हायब्रीड. मामाजी म्हणाले, "मले शिकवते! पऱ्हाटीचं हायब्रीड गावात मीच पयले लावलं होतं. म्हनून तं सांगून राहिलो. पयल्या साली बोंडाइनं झाड वाकते. दुसऱ्या साली थेच बी लावा, काईच नाई. दरसाल नवं घ्या लागते. तुमी दरसाल गादी घेसान काय?"

हे नवीनच होतं. ज्वारीसाठी एक कारण आणि कापसासाठी दुसरं, पण गादी दोन्हीकडून नापास. शेवटी मामाजींनीच निकाल दिला. "मी येतो संगं. पाहून घेतो."

दुकानात

अकोल्याचा उन्हाळा नुकता तापू लागला होता. मी कमरेला पट्टा, दोन्हीकडून दोघांचा आधार, अशी वरात दुकानात शिरली. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, बिनधास्त झोपून बघा."

बिनधास्त कसली! भरल्या बसमध्ये अख्ख्या गावाला दम देणारी मी, पण भर दुकानात साडी नेसून आडवं व्हायचं म्हटल्यावर लाजेने पाणी पाणी. ह्यांनी मग शेजारच्या गादीवरची चादर उचलली आणि माझ्यासमोर दोन्ही हातांनी ताणून धरली. मामाजी काठी टेकून म्हणाले, "वा! आता अंतरपाट धरलाच हाय तं मंगलाष्टकंबी म्हना." दुकानदाराला हसू आवरेना, आणि त्या हसण्यात माझी लाज गेली.

पहिली काथ्याची. ती म्हणजे आमच्या फळीचीच सख्खी बहीण. दुसरी नुसत्या फोमची. पडल्या पडल्या स्वर्ग, पण थोड्या वेळात पाठ तापली आणि अंग असं रुतलं की पावसाळ्यातल्या काळ्या मातीतून पाय काढावा तसं मला ह्यांनी ओढून काढलं. तिसरी साध्या स्प्रिंगची. हे दुसऱ्या टोकाला टेकले आणि इकडे मी बसच्या शेवटच्या सीटवर बसल्यासारखी उडाले. ती तर ताबडतोब बाद.

मग ती हायब्रीड. मध्यम. दुकानदाराने आधी कापलेला तुकडा दाखवला. खाली एकेक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत शिवलेली, वर फोमचा थर. स्प्रिंगा सुट्या असल्यामुळे एकाने हालचाल केली तर दुसऱ्याला धक्का बसत नाही आणि मधून हवा खेळते, असं तो म्हणाला. मामाजींनी तुकडा हातात घेऊन पिशव्या दाबून पाहिल्या. "बोंडंच हाय हे," म्हणाले, पण चेहरा अजून कडक.

डॉक्टरांनी शिकवलेली खूण मी करून पाहिली, तुम्हीही करा. उताणं पडून कमरेखाली हात सरकवायचा. हात आरपार सहज गेला तर गादी कडक, अजिबात शिरला नाही तर मऊ. माझा हात अडत अडत, पण गेला. मग ह्यांनी मला कुशीवर वळवलं आणि मागून पाहिलं. म्हणाले, "शोभा, मानेपासून कंबरेपावतर सरळ रेघ दिसून राहिली." खांदा थोडा आत, कंबर थोडी आत, आणि टोचत काही नाही. टोचत काही नाही! किती महिन्यांनी.

तिकडे मामाजींनी दुकानदाराची परीक्षा सुरू केली होती.

"याले पिंजता येते काय?"

"पिंजायची गरजच नाही, बाबा. दहा वर्षांची हमी आहे."

"हायब्रीडले दहा वर्स? लेका, हायब्रीड दुसरं साल काढत नाही. मंग एक तं तू फसवून राहिला, नाई तं हे हायब्रीड नाई."

"बाबा, ते बियाण्याचं…"

"बियान्याचंच इचारून राहिलो!"

एवढंच मला आठवतं. पुढचं ह्यांनी मला नंतर सांगितलं. वाद चांगला रंगला होता. दुकानदार तुकडा उलटा करून दाखवत होता, हे मधे पडून काहीतरी पुटपुटत होते. तेवढ्यात मामाजींनी काठी उचलली आणि म्हणाले, "चूप."

सगळे वळले. मी झोपले होते. घोरत होते असंही मामाजी म्हणतात, ते मी मान्य करणार नाही. ह्यांनी मला डाव्या कुशीवर ठेवलं होतं, भिंतीकडे तोंड करून. आणि त्या सगळ्यांच्या देखत मी झोपेत हळूच पाय जवळ घेतले आणि अख्खीच्या अख्खी उजव्या कुशीवर वळले. कुणी हात लावला नाही. कुणी एक, दोन, तीन म्हटलं नाही.

हे तिथेच शेजारच्या गादीवर बसले आणि चादरीत तोंड खुपसून रडले. दुकानदार घाबरला, त्याने पाणी आणलं.

मी जागी झाले तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. पंखा माझ्याकडे वळवलेला. पायथ्याशी खुर्ची टाकून मामाजी काठी आडवी धरून बसलेले, आणि एक जोडपं दबक्या आवाजात त्यांना विचारत होतं, "काका, ही गादी बघायची होती."

"हे विकल्या गेली," मामाजी म्हणाले. "हळू बोला. सून निजली हाय माही."

दुकानदार म्हणाला, ही तर नमुन्याची आहे, घरी नवी कोरी बांधलेली पाठवतो. मामाजींनी साफ नकार दिला. "नाई. एका थैलीतलं बी उगवते, दुसऱ्या थैलीतलं फसवते. मी हे उगवलेलं पाह्यलं. मले हेच पायजे." त्याने पुष्कळ समजावलं की कारखान्यात सगळ्या सारख्याच होतात. मामाजी म्हणाले, थैल्यावरबी असंच लिहिलेलं राहते. शेवटी त्याने हात जोडले. आमच्या गादीच्या कोपऱ्याला अजून "नमुना, विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी शिवलेली आहे, ती मी काढू देत नाही.

आपली खोली

गादी पलंगावर चढली. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी होकार दिला. कापसाची जुनी गादी मामाजींनी स्वतःच्या बाजेवर टाकून घेतली आणि जाहीर केलं की आता त्यांना राजासारखी झोप लागणार. मला वाईट वाटू नये म्हणून ते बोलले हे मला कळलं, आणि मी त्यांना कळू दिलं नाही.

तुम्हाला माझीच गादी मानवेल असं मी म्हणत नाही. कुणाचं वजन वेगळं, कुणाचं दुखणं वेगळं. पण दुकानात लाजू नका. पायातली चप्पल काढा आणि आडवे व्हा. घरून कुणाला तरी चादर धरायला न्या. आणि गादी घेऊन द्यायला माणसं आली, तर त्यांना मनसोक्त वाद घालू द्या. आपल्याला तेवढ्यात झोप लागू शकते.

पहिल्या संध्याकाळी ह्यांनी मला धरून आमच्या खोलीत आणलं. किती महिन्यांनी मी आमची खिडकी बघितली. आपल्या बाजूला अगदी कडेवर, जेमतेम टेकून हे झोपले, मला धक्का लागू नये म्हणून. मी म्हटलं, "अहो, नीट सरका आत, पडसान." ते म्हणाले, "हाक मारजो पण. लाजू नको." मी म्हटलं, "हाव."

जाग आली तेव्हा उजाडलेलं होतं. माझं तोंड खिडकीकडे होतं आणि झोपताना ते ह्यांच्याकडे होतं. हळूच परत वळून पाहिलं. वळता आलं. हे टक्क डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते.

"तू हाक नाई मारली," ते म्हणाले.

"नाही."

"मंग कूस?"

"बदलली."

"कोनं बदलली?"

"मी."

त्यांनी माझा हात हातात घेतला, आत सरकले, आणि बघता बघता त्यांचा श्वास जड झाला. बाहेर मामाजींची काठी वाजली. दारातून आवाज आला, "मास्तर उठला नाई काय आज? शाळा नाई काय त्याले?"

"झोपू द्या, मामाजी," मी म्हटलं.

शाळेची वेळ होऊन गेली, तरी मी त्यांना उठवलं नाही.